जीपचा जीर्णोद्धार

जुन्या घराची कुजलेली तुळई काढून दुसरी बसवितांना शहाणा सुतार नवी तुळई किती भक्कम आहे एवढेंच पाहत नाहीं. ती त्याच खांबांवर, त्याच उंचीवर टेकेल कीं नाहीं, हें तो आधीं मापून घेतो. यंत्राच्या जीर्णोद्धारासहि हाच न्याय लागू आहे. परंतु पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यांत, जेथें मोटारीचे नाना सुटे भाग घडतात, तेथें राहणारांस त्याचा सहज विसर पडतो.

आमचे वडील बंधु निवर्तल्यावर त्यांच्या निगडीच्या घरीं एक जुनी महिंद्र जीप मागें राहिली. युद्धकाळांत नांवारूपास आलेल्या विलीज जीपची जुळणी महिंद्र कंपनीनें १९४७ च्या सुमारास आपल्या देशांत सुरू केली. त्याच कुळांतील ही सीजे थ्री-बी, उंच बॉनेटची. चाकणच्या एका कारखान्यांत नोकरीस असलेल्या आमच्या पुतण्यानें तिचा सांगाडा, इंजिन व गिअरबॉक्स दोन वर्षांत नीट करून घेतलें. अडलें तें ट्रान्स्फर केसपाशीं. तिच्या ओतीव कवचास तडा गेला होता आणि आंतील दांड्याचें छिद्र झिजून लांबट झालें होतें.

ट्रान्स्फर केस म्हणजे गिअरबॉक्सच्या पाठीस बसविलेली दंतचक्रांची पेटी. इंजिनाचें बळ मागच्या चाकांबरोबर पुढच्या चाकांकडेहि पाठवावें, आणि चढावर वा चिखलांत गति कमी करून जोर वाढवावा, अशीं तिचीं दोन कामें. या जीपमध्यें तिसरेंहि एक आहे: हातब्रेकचा ड्रम चाकांवर नसून याच पेटीच्या मागच्या तोंडावर असतो. जुन्नर तालुक्यांतील आमच्या मूळ घराकडे जाणारी वाट उताराची; तेथें गाडी उभी असतांना मुलें आंत बसून खेळतात. तेव्हां ही निवड केवळ हौसेची नव्हती. वहिनींनीं तर स्पष्टच सांगितलें, "भाऊजी, गाडी चालली नाहीं तरी चालेल, पण उभी केल्यावर ती उभी राहिली पाहिजे."

पुतण्याचें मन मारुति जिप्सीच्या पेटीकडे ओढत होतें. "काका, ती पुष्कळ अलीकडची, आवाजहि कमी," असें तो म्हणे. बोलणें खोटें नव्हतें. परंतु जिप्सीची पेटी गिअरबॉक्सला चिकटून नसते. ती निराळी टांगलेली असून मध्यें आंखूड शाफ्ट असतो. ती बसवावयाची म्हणजे नवे आधार, नव्या लांबीचे शाफ्ट, आणि हातब्रेकची सगळी व्यवस्था पुन्हां नव्यानें. शिवाय, कारखानदाराच्या मूळ रचनेला बाधा येईल असा फेरफार गाडींत करतां येणार नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०१९ च्या जानेवारींत दिला आहे. जुन्या गाडीच्या नोंदणीचें नूतनीकरण करावयाचें असतां हें विसरून चालत नाहीं.

आम्ही यंत्रशाळेंत शिकलों नाहीं. आमचा जन्म संस्कृत शिकविण्यांत गेला. पण एका वर्णाच्या जागीं येणारा दुसरा वर्ण, म्हणजे आदेश, कसा निवडावा हें पाणिनीनें सांगून ठेविलें आहे: अनेक पर्यायांतून मुळाला जो सर्वांत जवळचा, तोच घ्यावा. ही जवळीक टीकाकार चार अंगांनीं पाहतात: स्थान, अर्थ, गुण आणि प्रमाण. पुतण्या हंसला, पण कागद घेऊन त्यानें चार रकाने आंखले.

स्थान असें कीं, पेटी त्याच गिअरबॉक्सच्या पाठीस बसावी आणि मागचा शाफ्ट उजव्या बाजूनें निघावा. कारण या जीपच्या मागच्या आंसावरील डिफरन्शियलहि उजवीकडे सरकलेलें असतें. मधून शाफ्ट निघणारी पेटी घेतली, तर आंसहि बदलणें आलें. अर्थ म्हणजे कार्य: दोन्ही वेगपल्ले आणि हातब्रेक तिनें सांभाळावे. गुणांत दांड्यावरील खांचा जुळाव्या व दांतांच्या कडा शाबूत असाव्या. राहिलें प्रमाण, आणि येथेंच पुष्कळ जण फसतात. स्पायसर १८ या एकाच नांवाच्या पेट्या बाहेरून सारख्या दिसतात. परंतु युद्धकाळांतील पेटींत मंद गतीचें प्रमाण १.९७, तर पुढच्या नागरी जीपमध्यें तें २.४६ आहे. आंतील मधला दांडाहि पाऊण इंच, १⅛ इंच आणि १¼ इंच अशा तीन जाडींचा आढळतो.

पूर्वीं असा माल शोधावयास लोक चिखलीच्या कुदळवाडींत जात. तेथील भंगाराचीं गोदामें महापालिकेनें २०२५ च्या फेब्रुवारींत पाडलीं आणि व्यापारी पांगले. त्यामुळें शोध लांबला. एका विक्रेत्यानें "शंभर नंबरी" म्हणून दाखविलेल्या पेटींतील दांडा पाऊण इंची निघाला. ती आम्ही तेथेंच ठेवून आलों. दुसरी चारहि रकान्यांत उतरली. तिचें कवच निर्दोष होतें; दांडा, बेअरिंगें व तेलसीलें मात्र नवीं घातलीं. भोसरीच्या एका वयस्क कारागिरानें पातळ शिम घालून व काढून बेअरिंगाची आवळ बसविली. आवळ फार झाली तर बेअरिंग तापतें, ढिली राहिली तर दांडा डुलतो आणि दांत झिजतात. या कामास त्याला सबंध दुपार लागली, व त्यानें ती आनंदानें दिली.

जुन्नरच्या उतारावर हातब्रेकनें गाडी धरून ठेविली. वहिनींनीं तरीहि चाकाखालीं दगड लावलाच, आणि तो आम्ही काढूं दिला नाहीं. पेटीचा आवाज मात्र येतो. जिप्सीच्या पेटीनें तो कमी झाला असता, हें पुतण्याचें म्हणणें आम्हांस आजहि मान्य आहे. अशा कामास हात घालणाऱ्या वाचकांस आमचें सांगणें इतकेंच: जुना भाग भंगारांत देण्याची घाई करूं नये. तो बरोबर न्यावा, दांत व खांचा मोजाव्या, दांड्यास माप लावावें, आणि मग पैशाच्या पिशवीची गांठ सोडावी.