कानशिलावरची बोटे

परवा वाचनालयात, भिंतीवरच्या घड्याळाचा लंबक तेवढा बोलत असताना, समोरच्या गृहस्थांनी वर्तमानपत्र बाजूला सारून दोन्ही हातांची बोटे अशा काही शिस्तीने कडाकडा मोडली की, कोणी शिरस्तेदार नावे पुकारीत असून एकेक आसामी आपापल्या पेरातून हजेरी देत आहे, असा मला भास झाला. ग्रंथपालांनी चष्म्यावरून पाहिले. मी मात्र तोवर आमच्या माजघरात जाऊन पोहोचलो होतो.

बोटे कोणाच्या नावाने मोडली तर शिव्याशाप आणि कानशिलावर मोडली तर माया! आजी या दुसऱ्या खात्याची मुखत्यार. दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नान उरकून आम्ही चौघे नातवंडे नवे कपडे घालून ओळीने उभे राहिलो की, ती उटण्याचा वास येणारे आपले सुरकुतलेले तळवे एकेकाच्या तोंडावरून उतरवी आणि मुठी वळून स्वतःच्या कानशिलांवर दाबी. थोरल्या दादाच्या वेळी दहाही बोटे लवंगी फटाक्यांच्या माळेसारखी तडतडत. दुसऱ्याच्या वाट्याला त्यातली तीन-चार येत. ताईला एखादा क्षीण 'कट्'. आणि चौथा मी, डोळे मिटून, कान टवकारून उभा असे, तो काहीच नाही. जितका आवाज मोठा तितकी दृष्ट कडक, हा घरचा रिवाज. "ह्या मेल्याला कोण दृष्ट लावतंय!" असा फैसला सुनावून ती हसत माझ्या हातावर लाडू ठेवी. लाडू गोड लागे. पण फराळ आटोपल्यावर मी गुपचूप आरशापुढे जाऊन आपले नाक बराच वेळ न्याहाळीत असे.

पुढे कळले ते असे की, सांध्यात वंगणासारखा एक द्रव असतो; हाडांची टोके एकमेकांपासून दुरावली की त्यातला दाब एकदम उतरतो आणि विरघळलेला वायू बुडबुड्याच्या रूपाने प्रकट होतो. आवाज त्याच्या जन्माचा की मरणाचा, हा खटला मात्र फार रेंगाळला : १९४७ साली लंडनच्या संशोधकांनी जन्माच्या बाजूने कौल दिला, १९७१ साली लीड्सच्या मंडळींनी तो फिरवला आणि २०१५ साली कॅनडात चुंबकीय चित्रणाने पुन्हा जन्माचीच साक्ष काढली. मला या पंडितांपेक्षा डोनाल्ड उंगर हे अमेरिकन डॉक्टर अधिक जवळचे वाटतात. त्यांनी पन्नास वर्षे रोज केवळ डाव्या हाताची बोटे मोडली, उजवा हात तुलनेसाठी राखून ठेवला आणि संधिवात दोहोंपैकी एकाही हाताला झाला नसल्याचे १९९८ साली जाहीर केले. असा चिवट हट्ट मी आमच्या आळीबाहेर अन्यत्र पाहिलेला नाही.

पण माझ्या कामाची गोष्ट निराळीच निघाली. एकदा मोडलेल्या बोटातला वायू पुन्हा द्रवात विरघळायला सुमारे वीस मिनिटे लागतात आणि तोवर ते बोट कितीही दाबले तरी बोलत नाही. चार नातवंडांची दृष्ट काढायला आजीला पाच मिनिटेही लागत नसत.