घुमट आणि थापटणे

समविचारी माणसांनी एकत्र यावे, एकमेकांना धीर द्यावा आणि मग कामाला लागावे, ही गोष्ट कोणत्याही चळवळीच्या मुळाशी असते. अलीकडे मात्र या एकत्र येण्याकडेच संशयाने पाहिले जाते. मोबाइलवरील गटांत माणसे आपल्याच मताची माणसे जमवतात, आपलेच म्हणणे पुन्हापुन्हा ऐकतात आणि तेच जगाचे म्हणणे आहे असे समजू लागतात, असा तो आक्षेप. इंग्रजीत या प्रकाराला 'इको चेंबर' म्हणतात. विजापूरचा गोल घुमट ज्यांनी पाहिला आहे, त्यांना निराळा शब्द शोधण्याची गरज नाही. तेथे एकदा उच्चारलेला शब्द अनेकदा परत येतो आणि एकटा बोलणाराही क्षणभर जमावासारखा भासतो. प्रस्तुत लेखात मी अशा गटांना घुमट म्हणणार आहे. कार्यकर्त्याला या घुमटाचा उपयोग किती आणि अपाय किती, हा प्रश्न मी ज्या धाराशिव जिल्ह्यात राहतो आणि शिकवतो, तेथील काही उदाहरणांवरून तपासून पाहावा, एवढाच हेतू आहे.

प्रथम घुमटाच्या बाजूने बोलायला हवे, कारण ती बाजू सहसा मांडली जात नाही. आजच्या लोहारा तालुक्यातील हिप्परगा येथे 1921 साली राष्ट्रीय शाळा निघाली. पुढे स्वामी रामानंद तीर्थ या नावाने ओळखले गेलेले व्यंकटेश खेडगीकर काही काळ या शाळेचे मुख्याध्यापक होते. तो सारा काळ निजामाच्या राजवटीचा. जाहीर सभा घ्यायची तर सरकारी परवानगी हवी. अशा वेळी शाळा, वाचनालय, एखादा मेळा, यांच्या आडोशानेच माणसे एकमेकांना ओळखू लागली. त्या वर्तुळात निजामाची बाजू मांडणारा कोणी नव्हता, सबब ते वर्तुळ एकांगी होते, असे आज कोणी म्हणणार नाही. बाहेर बोलणे हाच जेथे अपराध असतो, तेथे आपसांत बोलण्याची जागा ही चैन नसते. सप्टेंबर 1948 मध्ये हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले, त्यामागे अशा लहान लहान जागांत वर्षानुवर्षे चाललेले बोलणे होते.

आता आजचे उदाहरण. माझी एक माजी विद्यार्थिनी वाशी तालुक्यातील काही गावांत बालविवाहाच्या प्रश्नावर काम करते. वाशी, भूम, कळंब या पट्ट्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी कुटुंबेच्या कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. एकट्या पोराला पूर्ण कोयता धरत नाहीत. त्यामुळे हंगामापूर्वी लग्ने उरकण्याची घाई असते आणि त्या घाईत नववी-दहावीतल्या मुली सापडतात. 2006 च्या कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलीचा विवाह हा गुन्हा आहे. गावपातळीवर तो रोखण्याची जबाबदारी ग्रामसेवकाकडे आहे. 1098 या क्रमांकावर कळवताही येते. कागदावर हे सारे स्पष्ट आहे. परंतु कळवणारी मुलगी त्याच गावात राहत असेल, तर तिला दुसऱ्या दिवशी त्याच गिरणीत दळण न्यायचे असते.

या विद्यार्थिनीने पहिले लग्न थांबवले, त्या रात्री तिच्या दारासमोर माणसे जमली होती. घरातलेही तिच्यावरच चिडले होते. तिने मोबाइलवरील एका गटात चार ओळी लिहिल्या. तीन जिल्ह्यांतील चाळीसेक कार्यकर्त्यांचा तो गट. अर्ध्या तासात एकीने कोणत्या अधिकाऱ्याला काय कळवायचे ते सांगितले, दुसऱ्याने अर्जाचा मजकूर पाठवला, तिसरीने लिहिले, "दार लावून घे, मी पहाटेच्या एसटीने निघते." आणि ती आलीही. "सर, त्या रात्री हा गट नसता तर मी काम सोडून दिलं असतं," असे ती मला म्हणाली. आपल्याच मताच्या माणसांत राहणे हे कोणाला पळपुटेपणाचे वाटत असेल, तर त्याने ही रात्र ध्यानात ठेवावी. एकट्या माणसाला विवेक असून भागत नाही, त्याला साक्षीदार लागतात.

मग अपाय कोठे सुरू होतो?

याची एक झलक जानेवारी 2020 मध्ये आमच्या गावाने पाहिली. तेव्हा शहराचे नाव उस्मानाबाद होते. धाराशिव हे नाव 2023 साली अधिकृत झाले. 93 वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन येथे भरले आणि अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची निवड झाली. वसईच्या हरित पट्ट्यासाठी झगडलेला, 'सुवार्ता' मासिकाचे संपादन केलेला, 'सुबोध बायबल' मराठीत आणणारा हा लेखक. निवड जाहीर होताच, एक ख्रिस्ती धर्मगुरू अध्यक्ष कसा, असा विरोध सुरू झाला. उद्घाटक ना. धों. महानोर यांच्यावरही संमेलनाला जाऊ नये म्हणून दबाव आणला गेला. मी त्या काळात दोन्ही बाजूंचे काही गट पाहत होतो. दोहोंना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल. एका बाजूला धाकदपटशा होता आणि दुसऱ्या बाजूला निमंत्रित लेखकाच्या मागे उभे राहण्याची नैतिक जबाबदारी होती. तरीही एक गोष्ट दोन्हींकडे सारखी होती. दिब्रिटोंच्या लेखनावर जवळजवळ कोणीच बोलत नव्हते. विरोधकांना त्यांचा झगा दिसत होता आणि समर्थकांना विरोधकांचा विरोध. ज्याच्यावरून हा कलह चालला होता, तो लेखक लेखक म्हणून दोन्ही घुमटांच्या बाहेरच राहिला. संमेलन झाले, चांगले झाले. मांडवात खेड्यापाड्यांतून आलेली, पुस्तकांच्या दुकानांपुढे रेंगाळणारी जी गर्दी होती, ती या गटांतील संदेश वाचून आली होती असे मला वाटत नाही.

साहित्याच्या अभ्यासकांना यातील मर्म चटकन कळावे. श्रोता बदलला की भाषा बदलते. विरोधकाला किंवा कुंपणावरच्या माणसाला उद्देशून बोलताना आपण पुरावा देतो, दाखला देतो, समोरच्याच्या अनुभवातील एखादा शब्द उचलतो. केवळ आपल्याच माणसांना उद्देशून बोलताना पुराव्याची गरज राहत नाही. मग प्रत्येक जण आधीच्यापेक्षा तीव्र शब्द वापरू लागतो, कारण दाद तीव्रतेला मिळते. बोलण्याचा हेतू पटवणे हा न राहता आपली निष्ठा सिद्ध करणे हा होतो. कीर्तनकाराला समोरच्या बाईची मान हलते की नाही हे दिसत असते. घुमटात मान हलवणारेच तेवढे उरतात.

माझ्या विद्यार्थिनीच्या गटात हेच हळूहळू घडत गेले. लग्न लावून देणाऱ्या आईबापांचा उल्लेख प्रथम 'पालक' असा होई. मग 'लेकीचा सौदा करणारे' असा होऊ लागला, पुढे त्याहून कठोर शब्द आले. प्रत्येक शब्दाला अंगठे मिळाले. हे शब्द अन्यायाच्या चिडीतून आले होते, हे मी नाकारत नाही. परंतु त्यांपैकी एकही शब्द त्या आईच्या उंबऱ्यावर उभे राहून उच्चारता येण्याजोगा नव्हता.

एका हंगामाच्या तोंडावर ती अशाच एका उंबऱ्यावर गेली. आईने तिला बसायला पोते दिले, पाणी दिले आणि विचारले, "ताई, लगीन नाही लावत. पर सहा म्हैने आमी फडात. पंधरा वर्साची लेक कुणापाशी ठिवायची, तेवढं सांगा." विद्यार्थिनीकडे उत्तर नव्हते. गटाकडेही नव्हते, कारण इतक्या वर्षांत तो प्रश्न गटात उमटलाच नव्हता. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांसाठी जी हंगामी वसतिगृहे चालवली जातात, ती मुख्यतः शिक्षण हक्क कायद्याच्या वयोगटातील, म्हणजे सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी. लग्नाचे भय सुरू होते ते नेमके त्यानंतर. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी वसतिगृहांची निराळी योजना शासनाने 2021 साली जाहीर केली खरी. पण तिचा पत्ता त्या उंबऱ्यापर्यंत कोणीतरी पोचवायला हवा. गटात कायद्याची कलमे सर्वांना पाठ होती आणि या एका वर्षाच्या, चौदा ते पंधराच्या फटीकडे कोणाचे लक्ष गेले नव्हते.

गटातील माणसे निष्ठुर होती म्हणून हे घडले नाही. त्यांच्यात ऊस तोडणारे कोणी नव्हते, हे एक कारण. दुसरे कारण मला अधिक चिंताजनक वाटते. गटातील एका अंगणवाडी सेविकेला ही अडचण चांगली ठाऊक होती. "मग लिहिलं का नाही?" असे विचारल्यावर ती म्हणाली, "लिहिलं असतं तर सगळ्यांना वाटलं असतं, ही लग्नवाल्यांची बाजू घेते." घुमटात बोललेला शब्द दहादा घुमतो, हे आपल्याला माहीत असते. तेथे मौनही होकारासारखे घुमते, हे सहसा ध्यानात येत नाही. विरोधकाचे ऐकू न येणे हा घुमटाचा लहान दोष झाला. आपल्यातल्याच जाणत्या माणसाचे ऐकू न येणे, हा मोठा.

समविचारी वर्तुळाची हीच नियती असते का? तसे म्हणता येत नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी-सास्तूर परिसरात भूकंप झाला. पुढे घरांच्या दुरुस्ती आणि मजबुतीकरणाच्या कार्यक्रमात 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या पुढाकाराने लातूर-उस्मानाबादच्या गावांतील स्त्रिया संवाद सहायक म्हणून उभ्या राहिल्या. महिला मंडळ हे त्यांचे घुमटच होते. चारचौघांत तोंड न उघडलेल्या बायका तेथे बोलायला शिकल्या. परंतु मंडळात ठरलेली गोष्ट तेथेच संपत नव्हती. ती घेऊन त्यांना अभियंत्यासमोर, गवंड्यासमोर, ग्रामसभेत जावे लागे. चुकीचे काही बोलले गेले तर गवंडी तोंडावर सांगे. भिंतीला भूकंपरोधक पट्टा कोठे द्यायचा, याचा निर्णय टाळ्यांनी होत नसतो. वर्तुळ आपलेच होते, पण त्याला रोजच्या रोज बाहेरचा धक्का मिळत होता.

आमच्या जिल्ह्यातील तेर हे गोरोबाकाकांचे गाव. 2020 च्या संमेलनस्थळालाही त्यांचेच नाव दिले होते. त्यांची आख्यायिका मराठी वाचकाला सांगण्याची गरज नाही, केवळ तिच्या रचनेकडे लक्ष वेधतो. संतमंडळी जमली आहेत, सारे एकाच देवाचे, एकमेकांवर प्रेम करणारे. त्यांत प्रश्न उपस्थित करते ती वयाने लहान असलेली मुक्ताबाई: काका, या थापटण्याने कोणते मडके कच्चे ते कळते ना, मग आमची परीक्षा करा. गोरोबा एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारतात. इतर शांत राहतात, नामदेव रागावतात, आणि मडके कच्चे ठरते. म्हणजे परीक्षा शत्रूने घेतलेली नाही, ती मेळ्यातूनच निघाली आहे. नामदेवांना कोणी मेळ्याबाहेर काढत नाही. ते स्वतःच विसोबा खेचरांकडे जातात आणि पुढे याच परंपरेत मोठे होतात.

कुंभाराला मडके घडवताना पाहिले तर आणखी एक गोष्ट दिसते. थापटणे चालते ते मडके ओले असताना, आव्यात जाण्यापूर्वी. त्या वेळी कुंभार दुसऱ्या हाताने आतून दगडी गोळ्याचा आधार धरून असतो. आतला आधार नसेल तर बाहेरच्या माराने मडके बसेल. बाहेरचा मार नसेल तर ते जाड आणि बेढब राहील. घुमटावर टीका करणारे पुष्कळदा आतला हात विसरतात आणि घुमटात रमलेले थापटणे विसरतात. पहाटेच्या एसटीने येणारी मैत्रीण आणि पोत्यावर बसवून प्रश्न विचारणारी आई, या दोघींची कार्यकर्त्याला सारखीच गरज असते.

माझ्या विद्यार्थिनीने गट सोडला नाही. त्या आईचा प्रश्न तिने जसाच्या तसा, आईच्याच शब्दांत, गटात लिहिला. दोन दिवस कोणी काही बोलले नाही. एकाने 'ही सबब आहे' असे लिहिले, एक जण गटातून निघून गेला. तिसऱ्या दिवशी अंगणवाडी सेविकेने लिहायला सुरुवात केली. पुढच्या हंगामापूर्वी त्यांनी पाच गावांत फिरून, मागे राहू शकतील अशा मुलींची यादी केली. कोणाची आजी घरी आहे, कोणाला वसतिगृहात जागा मिळू शकेल, हे घरोघरी बसून विचारले. यादीत अकरा मुली होत्या. नऊ जणी शाळेत राहिल्या. दोघींची लग्ने झाली, त्यांतली एक त्या पोते देणाऱ्या आईचीच मुलगी.