विषारी प्यादं

सिसिलियन बचावाच्या नायडॉर्फ प्रकारात सातव्या चालीला काळा आपला वजीर बी६ वर आणतो आणि आठव्या चालीला बी२ वरचं प्यादं उचलतो. त्याचा राजा अजून मधोमध, बरेच मोहरे घरातच, आणि वजीर एकटा शत्रूच्या मुलखात. पांढरा वजिराला हुसकावत हुसकावत आपले मोहरे बाहेर काढतो आणि राजावर चाल करून जातो. याच लाइनला बुद्धिबळात ‘पॉइझन्ड पॉन’, विषारी प्यादं, असं नाव पडलंय.

चंद्रपुरात मुलांना शिकवताना मी ही लाइन आवर्जून घेतो. इकडे तोलामोलाचा प्रतिस्पर्धी रोज भेटत नाही. मोठ्या स्पर्धेसाठी नागपूर गाठायचं तर दीडशे किलोमीटर. भामरागड-सिरोंचाच्या पोरांना त्याहून कितीतरी लांब. बुद्धिबळाची स्थिती जोखणारं इंजिन मात्र प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आहे. ते क्षणात सांगतं: स्थिती बरोबरीची, शून्य. आकडा खरा असतो. पण अशा तीक्ष्ण लाइनमध्ये ते शून्य बहुधा एकाच चालीवर उभं असतं. ती सोडून दुसरी कुठलीही केली की डाव गेला. म्हणून विश्लेषणात माझा पहिला प्रश्न आकड्याचा नसतोच. इथे चुकायला कोणाला जास्त वाव आहे, हे मी आधी विचारतो.

दुसरा प्रश्न वजिराचा, आणि तो शिकवायला १९७२ साली रेक्याविकला झालेल्या बोरिस स्पास्की-बॉबी फिशर जगज्जेतेपदाच्या लढतीतला अकरावा डाव पुरतो. फिशरने काळ्या मोहऱ्यांनी हेच प्यादं खाल्लं. त्याचा वजीर ए३ वर होता. चौदाव्या चालीला स्पास्कीने सी३ वरचा घोडा उचलला आणि मागे, थेट बी१ वर, त्याच्या मूळ घरात नेऊन ठेवला. ही स्थिती मी पटावर मांडतो, मोबाइल बंद करायला सांगतो आणि पांढऱ्याची चाल विचारतो. मुलं शह शोधतात, बळी शोधतात. घोडा मागे घेण्याचं सहसा कोणाच्या मनात येत नाही. मग मी म्हणतो, “राजाला सोडा. काळ्या वजिराला परतायला घरं किती, तेवढी मोजा.” एकेक घर मोजता मोजता चेहरे बदलतात. त्या डावात पुढे चोविसाव्या चालीला पांढऱ्याचं प्यादं ए४ वर सरकलं आणि वजीर बी५ वर अडकला. एकतिसाव्या चालीनंतर फिशरने डाव सोडला, आणि त्या लढतीत तो पुन्हा या लाइनकडे वळला नाही.

बांधीत पाणी सोडण्याआधी शेतकरी धुऱ्यावरून फिरून कुठे फूट आहे का, हे पाहतो. विश्लेषणही तसंच करायचं असतं. आपली आवडती चाल किती सुंदर आहे, हे पाहत बसायचं नाही. समोरच्याच्या बाजूला बसून ती फोडायचा प्रयत्न करायचा, आणि फुटली नाही तरच वहीत उतरवायची. वहीत चालीसमोर कारण लिहायचं, स्वतःच्या शब्दांत: “हत्तीला बी-पट्टी मोकळी मिळते”, “काळ्याला कॅसलिंग करू द्यायचं नाही.” कारण लिहिता येत नसेल, तर ती चाल अजून आपली झालेली नाही. इंजिन उघडायचं ते यानंतर, आपली कारणं तपासून घ्यायला.

माझ्या मुलांसमोरची उदाहरणं फार लांबची नाहीत. नागपूरच्या रौनक साधवानीने २०१९ मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी ग्रँडमास्टर किताब मिळवला. २०२५ मध्ये नागपूरचीच दिव्या देशमुख बाटुमीला कोनेरू हंपीला हरवून महिला विश्वचषक जिंकली आणि भारताची अठ्ठ्याऐंशीवी ग्रँडमास्टर झाली. त्या अंतिम लढतीचे दोन्ही क्लासिकल डाव बरोबरीत सुटले आणि निकाल कमी वेळाच्या रॅपिड डावांत लागला. माझ्या वर्गातल्या पोरांना ही नावं जवळची वाटतात, आणि वाटायलाच हवीत.

स्पर्धेत कधीतरी समोरचा अकराव्या चालीला आपल्या वहीत नसलेलं काहीतरी खेळणारच. ज्याने नुसत्या चाली पाठ केल्या, त्याची तयारी तिथे संपते. ज्याने कारणं लिहिली, त्याचं बुद्धिबळ तिथून सुरू होतं.