जूनचं पाकीट

आमच्या गावाच्या मुंबई मंडळाची शिष्यवृत्ती ज्या पाकिटातून मिळायची, ते पाकीट विकत आणलेलं नसायचं. तात्या लग्नपत्रिकांची पाकिटं जपून ठेवायचे. किटलीच्या वाफेवर धरून त्यांचे जोड सोडवायचे, कागद उलटा करायचे, वधूवरांची नावं आतल्या बाजूला जातील अशा घड्या घालायचे आणि मैद्याची खळ लावून पुन्हा चिकटवायचे. गिरणीच्या सायझिंग खात्यात उभा जन्म सुताला खळ चढवण्यात गेलेल्या माणसाचं ते काम. कडेला सुरकुती नाही, कुठे खळ ओघळलेली नाही. वर मुलाचं नाव असायचं ते पेन्सिलीने. कारण पैसे काढून घेतले की पाकीट तात्यांना परत करायचं, म्हणजे पुढच्या वर्षी खोडरबर फिरवून दुसऱ्या कुणाचं नाव लिहिता यायचं.

तात्यांचं खरं नाव मी इथे लिहिणार नाही. तशी त्यांची अटच होती आणि मंडळाच्या इतिवृत्तात ती नोंदलेली आहे.

ते राहायचे डिलाईल रोडच्या बी.डी.डी. चाळीत, गावाच्या खोलीत. या रस्त्याला आता ना. म. जोशी मार्ग म्हणतात, तरी आमच्या तोंडी अजून डिलाईल रोडच येतं. १९२०च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या या चाळी. तळमजला आणि वर तीन मजले, एका चाळीत ऐंशी खोल्या, खोली जेमतेम १६० चौरस फुटांची, नळ-संडास सामायिक. अशा एका खोलीत गावचे वीस-पंचवीस बाप्ये राहायचे. पाळ्या वेगवेगळ्या, म्हणून ते जमायचं. पहिल्या पाळीचा माणूस उठून गेला की रातपाळीवाला त्याच जागी आपली वळकटी पसरायचा. भिंतीला ट्रंकांची उतरंड, वर दोरीवर धोतरं-लेंगे, आणि जेवण खानावळीत. बायकामुलं गावी. आमचं बिऱ्हाड मात्र पलीकडच्या चाळीत होतं, म्हणून मी या खोलीच्या दारापर्यंत जाऊ शकत होते. बाईमाणसाने आत जायचा रिवाज नव्हता. तात्या बाहेर गॅलरीत येऊन बसायचे.

निवृत्त झाल्यावर फंडाचे पैसे हाती आले, तेव्हा त्यांनी त्यातला मोठा हिस्सा मंडळाच्या नावाने पोस्टात मुदत ठेवीत टाकला. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजातून गावच्या मुलांना मदत करायची. शिष्यवृत्तीला नाव त्यांच्या आईचं. स्टेजवर कार्यक्रम नाही, हार नाही, फोटो नाही. आणि पैसे जूनच्या पहिल्या आठवड्यात, शाळा उघडायच्या आधी मुलाच्या हातात पडले पाहिजेत. ठेवही त्यांनी विचार करून मे महिन्यात ठेवली होती, म्हणजे वर्षाचं व्याज मेअखेर मिळायचं.

या जूनसाठी ते मंडळाशी भांडले होते असं माझे वडील सांगायचे. मंडळाची रीत वेगळी होती. गणपतीच्या आगेमागे गुणवंतांचा सत्कार व्हायचा, तेव्हाच काय ते देऊ, म्हणजे चार लोकांसमोर होईल, इतरांनाही द्यायची बुद्धी होईल, असं कार्यकारिणीचं म्हणणं. यात काही वाईट होतं असं मला वाटत नाही. मुलाचं नाव पुकारलं की आईने पदर सारखा करत पुढे येणं, हा सोहळा मी पुष्कळदा पाहिला आहे आणि तो मला आवडतो. पण तात्या ऐकेनात. ‘गणपतीत देवन काय करतलास? वर्ग जूनात भरता.’

त्यामागचं कारण त्यांनी मला पुढे एकदा सांगितलं. तात्या सातवीची फायनल पास झाले तेव्हा मास्तर घरी येऊन म्हणाले होते, याला पुढे हायस्कुलात घाला. तालुक्याच्या गावी राहायचं, फी भरायची, पुस्तकं घ्यायची. आई पैशांसाठी सावकाराकडे गेली आणि हात हलवत परत आली. लावणीचे दिवस, कुणाच्याच गाठीला काही नाही. मुंबईच्या काकांना पत्र घातलं. काकांनी पैसे पाठवले, अगदी मागितले तेवढे पाठवले, पण ती मनीऑर्डर आली गणपतीत. तोवर वर्ग भरून गेला होता. पुढल्या वर्षी बघू म्हणाले, आणि पुढल्या वर्षी ते बोटीत बसून भाऊच्या धक्क्यावर उतरले. बदलीवाला म्हणून गिरणीच्या दारात रोज सकाळी उभे राहू लागले. हे सांगताना त्यांनी काकांना बोल लावला नाही.

मुलं निवडायची रीतही त्यांचीच. मार्कांची यादी ते बाजूला ठेवायचे. ‘पयल्या नंबराक बक्षीस देवक सगळे आसत. ज्येची शाळा सुटतली, तेका आधी बघा.’ मग कुणाचा बाप आजारी आहे, कुणाचा गिरणीत बदलीवर आहे, कुणाकडे पाठोपाठची चार भावंडं शिकताहेत, याची चौकशी ते पाळ्या सुटताना दारावर उभे राहून करायचे. मुलाला किंवा त्याच्या आईला त्यांनी कधी काही विचारलं नाही. अर्ज नव्हता. आमच्या गावची ही एवढीच शिष्यवृत्ती अशी होती की तिच्यासाठी गरिबी कागदावर लिहून द्यावी लागत नसे.

१८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर आले. दोन-तीन महिन्यांत मिटेल म्हणत म्हणत जून उजाडला. बाबा लावणीला गावी गेले होते, आई घरी पापड लाटत होती आणि मी सातवी पास होऊन बसले होते. घरात थोरली मी. यंदा हिला घरी ठेवू, हातभार लागेल, असं आई शेजारच्या काकूंना म्हणाली ते मी ऐकलं. मुलीच्या शाळेबद्दल असं बोलणं त्या वर्षी आमच्या मजल्यावर एकाच घरात झालं नाही.

मृगाचा पाऊस लागला होता. तात्या छत्री मिटत दाराशी आले, आईला ‘वयनी’ म्हणून हाक मारली आणि माझ्या हातात पाकीट दिलं. पेन्सिलीने माझं नाव. आईकडे वळून एवढंच म्हणाले की पुस्तकं जुनी मिळत असतील तर आधी ती बघा, पण वह्या नव्या घ्या. बसले नाहीत. चहा ठेवते म्हणेपर्यंत जिना उतरलेसुद्धा. मग आईनेच दुसऱ्या दिवशी मला पुस्तकांना नेलं. घरी ठेवायचा विषय पुन्हा निघाला नाही.

त्या वर्षी पाकिटं नेहमीपेक्षा कितीतरी जास्त निघाली. व्याज तेवढंच होतं. मग तात्यांनी गावची जी माणसं गोदीत, महापालिकेत, बेस्टमध्ये कामाला होती त्यांच्याकडे फेऱ्या घातल्या. आमच्या गल्लीतल्या खानावळवाल्या काकींनीही पैसे घातले. स्वतः त्यांनी संपकऱ्यांना उधारीवर जेवू घातलं होतं आणि त्यातली बरीच उधारी कधीच फिटणार नव्हती. गिरणगावातल्या या खानावळवाल्या बायका एरवी सावकाराच्या व्याजात पिचलेल्या. त्यांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, त्याला तेव्हा जेमतेम सात वर्षं झाली होती. संपाचा इतिहास लिहिताना युनियन, मालक, सरकार यांची नावं येतात. मला त्यात या बायकांचं पान हवं असतं.

रिकामं पाकीट परत करायला गेले की तात्या गॅलरीत बसलेले असायचे. ‘चेडवा, पुस्तकां खंयची घेतलंस?’ असं विचारायचे आणि मी नावं सांगू लागले की लक्ष देऊन ऐकायचे. बिल त्यांनी कधी मागितलं नाही. भूमितीचं पुस्तक मात्र एकदा हातात घेऊन बराच वेळ चाळलं.

कॉलेजात असताना वाचनालयातून धनंजय कीरांनी लिहिलेलं बाबासाहेब आंबेडकरांचं चरित्र आणलं आणि त्यात कृष्णराव अर्जुन केळुसकर भेटले. वेंगुर्ल्याजवळच्या केळूसचे, १८६० साली जन्मलेले, म्हणजे आमच्याच मुलखातले. विल्सन हायस्कुलात शिक्षक. शिवाजी महाराजांचं मोठं चरित्र त्यांनी लिहिलं, त्याच्या आधी गौतम बुद्धाचं. चर्नी रोडच्या बागेत ते वाचत बसायचे, तिथे शाळा सुटल्यावर पुस्तक घेऊन बसणारा एक मुलगा त्यांनी पाहिला आणि आपणहून त्याची चौकशी केली. तो मुलगा राहायचा परळला डबक चाळीत, वडिलांसोबत एका खोलीत. आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. मुलाला पुस्तक हवं झालं आणि खिशात पैसे नसले की त्याचे वडील सुभेदार रामजी लग्न झालेल्या मुलींकडे जायचे, त्यांचा दागिना मागून आणायचे आणि तो गहाण टाकायचे.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. सी. के. बोले यांच्या अध्यक्षतेखाली अभिनंदनाची सभा भरली, तिथे केळुसकरांनी आपलं बुद्धचरित्र त्यांना भेट दिलं. ही गोष्ट सर्वांना ठाऊक असते. १९५६ साली ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी दादा केळुसकरांची आणि त्या भेटीची आठवण सांगितली आहे. मला मात्र त्यानंतरची गोष्ट जास्त मोठी वाटते. इंटरची परीक्षा झाली आणि रामजींजवळचे पैसे संपले. शिक्षण तिथेच थांबायचं. अशा वेळी हा पगारी मास्तर उठला आणि बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे मुलाला घेऊन गेला. महाराजांनी महिना २५ रुपये मंजूर केले. त्यावर बी.ए. झालं, आणि १९१३ साली बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर कोलंबिया.

पैसे महाराजांचे, आणि त्यांचं औदार्य थोरच. पण पैसे नेमके कधी संपले हे बडोद्यात बसून कळलं नसतं. ते कळायला परळच्या त्या खोलीची ये-जा लागते, मुलाच्या परीक्षेच्या तारखा ठाऊक असाव्या लागतात. सत्काराच्या सभेत पुस्तक देऊन केळुसकर मोकळे झाले असते तरी त्यांना कुणी नाव ठेवलं नसतं. तीन वर्षांनीही त्यांचं लक्ष होतं. ते पान वाचताना मला तात्या गिरणीच्या दारावर उभे दिसले. दोघांची तुलना करायचा माझा हेतू नाही. केळुसकर विद्वान, तात्या सातवी पास. पण देणाऱ्याला घेणाऱ्याचं कॅलेंडर माहीत असावं लागतं, हे मी या दोघांकडून शिकले.

पहिला पगार झाला तेव्हा माझ्याकडे शेवटच्या वर्षाचं पाकीट परत करायचं राहिलेलं होतं. त्यात पैसे घालून मी ते तात्यांना दिलं. त्यांनी नोटा बाहेर काढल्या, मोजल्या, ट्रंकेतून मंडळाचं पावतीपुस्तक आणलं आणि माझ्या नावाने रीतसर पावती फाडली. मग पाकिटावरचं माझं नाव खोडलं. दोन वर्षांनी त्यांनी मला कार्यकारिणीत घ्यायला लावलं. मंडळावर तोवर बाई नव्हती. हिशेब लिहायला ते माझ्या शेजारी बसायचे आणि कुठल्या घरात यंदा काय चाललंय ते हळू आवाजात सांगायचे. ती माहिती वहीत लिहायची नाही, हेही सांगायचे.

ते गेले नव्वदच्या दशकात, गावी. मुंबईत शोकसभा झाली, तिथे शिष्यवृत्तीला त्यांचं नाव द्यायचा ठराव पुढे आला. सगळ्यांच्या मनात तेच होतं, बोलताना माणसं रडत होती. मी उभं राहून जुना ठराव वाचून दाखवला. त्यात आईचं नाव होतं आणि खाली त्यांची सही. थोडी वादावादी झाली. माणूस गेल्यावर त्याचा विनय आपण कशाला पाळायचा, असं एकजण म्हणाले, आणि त्यांचंही अगदीच चुकीचं नव्हतं. तरी आईचं नाव राहिलं. सावकाराच्या दारातून रिकाम्या हाताने परतलेल्या बाईच्या नावाने दर जूनमध्ये पैसे वाटले जावेत, ही त्यांची इच्छा होती. ती मोडून त्यांचा सन्मान कसा होणार?

आता लोअर परळ स्टेशनला उतरणारी गर्दी गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या ऑफिसांत जाते. फिनिक्समध्ये मॉल आहे, कमला मिलमध्ये कंपन्या आणि हॉटेलं. बी.डी.डी. चाळींचा पुनर्विकास चालू आहे, गावाच्या खोलीतले शेवटचे गाववाले बदलापूर-विरारला गेले. पोस्टाचं व्याज उतरलं, तेव्हा जुन्या विद्यार्थ्यांनी मुद्दलात भर घातली. पैसे मुलांच्या खात्यात थेट जमा होतात, पाकिटाची गरज उरली नाही.

वाद झाला तो तारखेवरून. दहावी-बारावीनंतर पॉलिटेक्निक, आय.टी.आय., नर्सिंग यांचे प्रवेश जूनमध्ये होत नाहीत. फेऱ्या लागतात, यादी कधी ऑगस्टमध्ये येते, आणि जागा पक्की करायला दोन-तीन दिवसांची मुदत मिळते. त्या दोन-तीन दिवसांत पैसे नसले की जागा गेली. मंडळातल्या जुन्या माणसांना जून सोडवेना, तात्यांचा नियम आहे म्हणाले. मी म्हटलं, तात्यांना वर्ग भरायच्या आधी पैसे हवे होते, जून त्यासाठी होता. दोन बैठका यात गेल्या. शेवटी ठरलं की शाळेच्या मुलांचे पैसे जूनच्या पहिल्या आठवड्यात आणि बाकीच्यांचे त्यांच्या भरण्याच्या तारखेआधी. कुणाची यादी कधी लागणार यावर लक्ष ठेवायचं काम माझ्याकडे आलं. भिंतीवरच्या कालनिर्णयवर मुलांची नावं लिहिली आहेत, पेन्सिलीने, कारण तारखा पुढेमागे होत राहतात. रत्नागिरीच्या पॉलिटेक्निकच्या यादीत एका मुलीचं नाव लागलंय. तिची मुदत शुक्रवारी संपते, पैसे मंगळवारी गेले.