बॅरलातलं पाणी

पाऊस उघडला की आपली ऊसतोडीची ट्रॅक्टरं कारखान्याकडं निघतात. वडवणी, धारूर, केजकडं त्याआधी डिझेलचे बॅरल भरून ठेवलेले असतात. उघड्यावर, उभे. इथंच घोळ होतो.

उभ्या बॅरलच्या डोक्यावर पाणी साचतं. दिवसा तापलेला बॅरल रात्री गार पडला की आतला दाब कमी होतो आणि बुचाच्या आट्यांतून ते पाणी आत ओढलं जातं. बूच घट्ट आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

परवा एकजण पंपवाल्याला शिव्या घालत गॅरेजवर आला. मेस्त्रीनं फिल्टर खोलला, तर वाटीत निम्मं पाणी! पंपवाले काही धुतल्या तांदळाचे नसतात, पण हा बॅरल दोन महिने पावसात होता. नोझलचं काम निघालं तर उचलीचे पैसे तिथंच जातात.

पाणी जड, तळाशी बसतं. बॅरल रात्रभर हलवू नका. सकाळी नळीनं अगदी तळातलं डिझेल काचेच्या बाटलीत घ्या. खाली वेगळा थर दिसला तर तेवढं काढून टाका. मधे काळपट, चिकट साय असेल तर ते जंतू; फिल्टर तेच चोंदवतात. बॅरल शेडमध्ये आडवा ठेवा, दोन्ही बुचं डिझेलखाली राहतील असा.

पंपावर शंका आली तर घनता मोजून मागा, तो तुमचा हक्क आहे. टाकीच्या मापकाठीला पाणी शोधायची पेस्टही लावायला सांगा. पाणी लागलं की तिचा रंग बदलतो. आणि पावती घ्याच.