शिक्षणाची दुबार पेरणी

दुबार पेरणी कुणालाच आवडत नाही. बियाणे गेलेले असते, खत गेलेले असते, शेजारच्या रानात पीक वर आलेले असते. तरी ती करायची की नाही हे रागाने ठरवून भागत नाही. हंगाम किती उरला आणि हाती पैसा किती, हे आधी पाहावे लागते.

आमच्या घरात हा प्रश्न लेकीच्या शिक्षणाचा म्हणून आला. बारावी सायन्स झाल्यावर तिने तालुक्याच्या कॉलेजात बी. एस्सी.ला नाव घातले. कॉलेज नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे. दिवाळीला घरी आली आणि म्हणाली, "आई, मला हे सोडून परभणीच्या कृषी विद्यापीठात जायचंय."

सासूबाई म्हणाल्या, "शेतीच करायची तर शिकायला कशाला जायचं? ती तर घरीच आहे." ह्यांनी बोटांवर हिशोब मांडला. बी. एस्सी.ची पदवी तीन वर्षांत मिळते. कृषीची चार वर्षे, तीही पहिल्यापासून. गेलेले एक धरून पाच. पाच एकर कोरडवाहू आणि मागे धाकटा शिकायचा.

मला वेगळीच शंका होती. अभ्यास जड जातो म्हणून तर पोरगी पळ काढत नाही ना? तसे विचारलेही. तिने गुणपत्रिका पुढे ठेवली. गुण चांगले होते. मग म्हणाली, "आपली भेंडी पिवळी पडली तेव्हा तू तीनदा औषध मारलंस. रोग का हटला नाही, हे मला शिकायचंय."

तेव्हा एवढेच ठरले की सीईटीचा फॉर्म भरायचा. पण नव्या जागी प्रवेश हाती येईपर्यंत जुन्या कॉलेजातून टी.सी. काढायची नाही. तिकडच्या परीक्षाही द्यायच्या. नवा गोठा बांधून झाल्याशिवाय जुना मोडू नये.

18 मे 1972 रोजी हे कृषी विद्यापीठ स्थापन झाले. 2013 पासून त्याला वसंतराव नाईकांचे नाव आहे. स्थापनेच्या दिवशी तेथे खरिपाचा शेतकरी मेळावा भरतो. एरवी आम्ही बियाण्यासाठी जातो. त्या वर्षी तिघेही विचारपूस करायला गेलो.

भेंडीचे उत्तर तेथे मिळाले. हळद्या हा विषाणूचा रोग. पांढरी माशी तो झाडोझाड नेते. रोग शिरलेले झाड फवारून बरे होत नाही. याच विद्यापीठाने 'पुसा सावनी'चा एका रानटी जातीशी संकर करून 'परभणी क्रांती' हा रोगाला दाद न देणारा वाण काढला, 1985 साली. पुढे त्यावरही रोग येऊ लागला, म्हणून नवे वाण शोधण्याचे काम चालूच आहे. हे सारे ह्यांनी लक्ष देऊन ऐकले.

तेथे शिकणाऱ्या एका मुलीने अभ्यासाचे सांगितले. माती, कीड, रोग, अर्थशास्त्र असे पुष्कळ विषय. शेवटच्या वर्षी काही महिने खेड्यात राहून शेतकऱ्यांबरोबर काम. रसायनशास्त्रही लागतेच. म्हणजे लेकीचे वर्ष अगदीच वाया जाणार नव्हते.

पैशाचेही पाहिले. खाजगी कॉलेजांची फी आमच्या आवाक्यातली नव्हती. म्हणून विद्यापीठाच्या स्वतःच्या कॉलेजात, म्हणजे परभणी, लातूर, बदनापूर, अंबाजोगाई, गोळेगाव, धाराशिव यांपैकी कुठे जागा मिळाली तरच जायचे ठरले. 2024 च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्नाच्या घरातील मुलींना अशा अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ झाले आहे. खोली, मेस आणि पुस्तके मात्र आपल्यालाच पाहावी लागतात.

तिचे नाव गोळेगावला लागले. परभणी मिळाली नाही म्हणून ती दोन दिवस गप्प होती. ह्यांनी तिची पेटी भरली आणि म्हणाले, "विद्यापीठ तेच आहे. चल."

ज्या घरी असा प्रश्न उभा राहील तेथे मुलाला दोन गोष्टी विचाराव्यात. येथून का निघायचे? आणि तिकडे जाऊन काय शिकायचे? पहिल्याला तक्रारीच तक्रारी आणि दुसऱ्याला मौन, असे झाले तर थोडे थांबावे. पण दुसऱ्याचे उत्तर पक्के असेल, तर एका वर्षासाठी त्याची वाट अडवू नये.