नाडीपरीक्षा
माझी लाल एमजीबी मोटार १९६७ साली इंग्लंडातील ॲबिंग्डन गावी जन्मली. येथे अध्यापनास आल्यापासून मी तिचा रंग मोठ्या कौतुकाने पुसीत आलो; परंतु इंजिनात तापलेले पाणी हीटरकडे नेणाऱ्या रबरी नळ्या कधी चाचपून पाहिल्या नाहीत. रबर आतून कुजते. परवा भर थंडीत एक नळी फुटली.

“अहो, हिची नाडी कधी पाहिली होतीत का?” रस्त्यात कुडकुडत पत्नीने विचारले.

दुसऱ्या दिवशी दोन्ही नळ्या बदलल्या. चिकटलेली नळी हिसडली तर हीटरचे नाजूक तोंड मोडते. ती उभी चिरून अलगद सोलावी लागते. हात धुताना एकाएकी आठवले, पत्नीचा गुडघा महिनाभर दुखतो आहे. त्याची विचारपूस मी अजून केलीच नव्हती!